कोरडा व्हॉल्व्ह

मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्याला लागून नागेंद्रअण्णांचं लग्नाचं लॉन आहे. तिथली हिरवळ तानाजीनं लावली, पाण्याच्या नळ्याही त्यानंच पुरल्या. अर्धांगवायूचा झटका आला तसा तो खाटेला खिळला. काहीही विचारा, तोंडातून एकच शब्द फुटायचा. त्याच्या जागी आता त्याची बायको, रेणुका, कामाला जाई.

चैत्रात स्टेजकडचे फवारे बंद पडले. गवत पिवळं पडायला लागलं. सकाळी निघताना रेणुकानं नवऱ्याला विचारलं, "व्हॉल्व्हची तार तुटली असंल का वो?"

"व्हय."

"का आतलं रबर फाटलंय?"

"व्हय."

तो डाव्या हातानं चादर ओढत राहिला. त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण ते कळायला वाट नव्हती.

लॉनवर जाऊन तिनं जमिनीतल्या डब्याचं झाकण काढलं. व्हॉल्व्हला वीज नेणाऱ्या तारेचा जोड गंजला होता. तो खरवडून, पीळ देऊन तिनं टेप गुंडाळली. बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह टक् वाजला, पाणी मात्र आलं नाही. मग तिनं स्क्रू काढून व्हॉल्व्ह उघडला. रबराची चकती धड होती, नुसती वाळू बसलेली. ती पुसून परत बसवली. तरी काही नाही. शेवटी तिनं व्हॉल्व्हचा हातानं फिरवायचा स्क्रू सैल केला. पाण्याऐवजी फुस्स करून हवा निघाली.

तिनं मान वर केली. पलीकडचे चालू असलेले फवारेही गुडघाभर उडून गढूळ थुंकायला लागले होते. बघता बघता तेही बसले.

नागेंद्रअण्णा सावलीतून उठून आले. "बोअर गेला, रेणुकाक्का. कामून जीव काढायलीस?"

"टँकर मागवा अण्णा. मी बादलीनं शिंपते."

"गावाला प्यायला टँकर मिळंना, गवताला कुठला? पिलास्टिकचं गवत आणायलोय. त्याला पाणी लागत न्हाई."

"अन् मला काम?"

ते रस्त्याकडं बघू लागले. "झाडायला बायका हायत की," एवढंच म्हणाले.

रेणुकानं स्क्रू घट्ट केले, झाकण लावलं. हात चिखलानं भरले होते. कोपऱ्यातला नळ सोडून पाहिला, मग पदरालाच पुसले. स्टँडवर बसून तानाजीला काय सांगायचं याचा ती विचार करत राहिली. काही सुचायच्या आत बस आली.