थांबणारा आवाज

जानकीच्या डोळ्यांचा मधला भाग गेला, तेव्हा माणसांची तोंडं दिसेनाशी झाली याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. गावातली तोंडं तिला पाठ होती, आणि त्यांतली बरीचशी पुन्हा बघावीत अशी नव्हतीही. दुःख होतं ते पुस्तकांचं. पानाच्या चार कडा दिसत, मध्ये नुसतं धुकं. आणि कादंबरीत जे काही घडतं ते नेमकं मध्येच घडतं.

तिच्या पडवीत चाळीसेक वर्षं दुपारचं वाचन चालत आलं होतं. वेंगुर्ल्याच्या कारखान्यातून काजूगर घरोघर साल काढायला येत. बायका आपापलं सूप घेऊन जानकीकडे जमत. हात काजूत, कान जानकीकडे. वाचनालयाचं पुस्तक एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचं, आणि उशीर झाला तर बायका त्याला अशा काही बोलायच्या की पुढच्या खेपेला तो दोन पुस्तकं आणायचा. नायिकेवर संकट आलं की बोटं दणादण चालत आणि गर फुटत. संध्याकाळी माल न्यायला आलेला मुकादम तुकड्यांकडे बघून विचारायचा, "आज कोण रडला गो?"

आता उरल्या दोघी. शेजारच्या साल्वादोरची बायको अँजेलिना, जानकीच्याच वयाची. आणि किशोरी, जी सून होऊन गावात आली तीच या पडवीतली शेवटची भरती. किशोरीच्या एका कानात हल्ली मोबाइलची वायर असे. दुसरा कान तिने जानकीसाठी मोकळा ठेवला होता, पण एक कान गेला की दुसरा किती दिवस टिकतो हे जानकीला कळत होतं. वाचन बंद पडलं तर किशोरी घरी बसून मालिका बघणार, अँजेलिना एकटी तरी कशाला येईल, आणि दुपारभर पडवीत बसणार एकटी जानकी.

हे जानकीच्या सुनेनेही ओळखलं होतं. दीपिका बांद्याच्या शाळेत शिक्षिका. कुठलीही गोष्ट तुलना केल्याशिवाय तिला पटत नसे. लग्नाआधी म्हणे तिने आलेल्या स्थळांचा तक्ता केला होता, आणि जानकीच्या मुलाचा त्यात दुसरा नंबर होता. पहिल्याने नकार दिला असावा, असं जानकीचं मत होतं.

"आई, पानाचा फोटो काढला की मोबाइल वाचून दाखवतो," दीपिका म्हणाली. "तसली ॲप पुष्कळ आहेत. तुम्हाला कुठलं सोयीचं ते आपण ठरवू."

"म्हणजे माझ्यासाठी स्थळां बघतंस काय गो?"

बघण्याचा कार्यक्रम दुसऱ्याच दुपारी झाला. परीक्षेला पुस्तक घेतलं ते केतकी नावाच्या नायिकेचं. कव्हर गेलेली ती कादंबरी वाचनालयाने रद्दीत काढली तेव्हा जानकीने मागून आणली होती, आणि बायकांनी ती हट्टाने पुन्हा पुन्हा वाचून घेतली होती. शेवटी तिच्या माधवचं गलबत येतं आणि धक्क्यावरच केतकीचं लग्न लागतं, ते प्रकरण तर किशोरीलाही पाठ होतं.

पहिल्या आवाजाने सुरुवातीलाच केतकीचे "डोले पान्याने" भरले.

"ही खंयची गो? दिल्लीची?" अँजेलिनाने विचारलं, आणि ते स्थळ तिथेच संपलं.

दुसरा आवाज मधासारखा, पण त्याला रेंज लागे, आणि जानकीच्या घरी रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर. कठड्यावर बसून काजू सोलायची कोणाची तयारी नव्हती.

तिसरा आवाज पुरुषाचा. नेटशिवाय चालणारा, ळ शुद्ध, श्वास जागच्या जागी. किशोरीने कानातली वायर काढली. जानकीला बरंही वाटलं आणि थोडं झोंबलंही.

"आता केतकीच्या लग्नाचा लाव," अँजेलिना म्हणाली.

"नको," जानकी घाईने म्हणाली. "आधीचा बरा आसा."

पण दीपिकाने शेवटच्या प्रकरणाचे फोटो सकाळीच काढून ठेवले होते. आवाज वाचू लागला. समुद्र शांत झाला, गलबत धक्क्याला लागलं, माधव उतरला. दोघींचे हात मंद झाले. आता सनई वाजणार होती. आवाज त्याच गोड सुरात म्हणाला की केतकी आदल्या आठवड्यातच तापाने वारली होती.

"वारली?" किशोरी ओरडली. "मगे लगीन खंय गेला?"

"थांबव गो तेका!" अँजेलिना म्हणाली.

थांबवायचं बटण वाटाण्याएवढं, आणि बरोबर जानकीच्या धुक्यात. तिचं बोट काचेवर चाचपडत राहिलं. तेवढ्यात आवाजाने माधवला स्मशानात नेलं, परत गलबतावर चढवलं आणि पानाचा आकडासुद्धा वाचून तो मोकळा झाला.

"तेका वाचूक येणा नाय," जानकी म्हणाली. "जुनी छपाई. कायतरी जुळवल्यान."

दीपिका पडली शिक्षिका. तिने पुस्तक उचलून बघितलं. "नाही हो आई, असंच छापलंय."

जानकीला अँजेलिनाची नुसती कोपरं दिसत होती, आणि ती हलत नव्हती.

"साल्वादोर बोटीवर होतो," अँजेलिना सावकाश म्हणाली. "तवाच वाचलेलंस ना ह्या? पावसात पत्र नाय, दिवाळीक पत्र नाय."

जानकीने मोबाइल पालथा ठेवला.

"पान उलटलंस आणि किती येळ बोलूकच नाय. माका वाटला, चष्मो पुसतंस."

"पुसतच होतंय," जानकी म्हणाली.

तिला ती दुपार दिसली, मधल्या भागासकट. तिशीतली अँजेलिना, पोटात वेनेसा, हातातला गर सोलायचा विसरून पुढच्या वाक्याकडे तोंड करून बसलेली. पानावर केतकीचा ताप होता. जानकीने आपल्या मनाने धक्क्यावर सनई लावली, नवरीच्या केसांत अबोलीचे वळेसर माळले, आणि घाईघाईत पंगतीला माधवच्या काकांनाही बसवलं, जे अर्ध्या कादंबरीतच वारले होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही. बायका इतक्या खूश होत्या.

साल्वादोर नाताळात परत आला, जाडजूड होऊन, एक टेपरेकॉर्डर घेऊन. पत्र का नाही, हे त्याने अजूनही नीट सांगितलेलं नाही. आत्ताही तो पलीकडच्या घरात घोरत होता.

"दीपिका," अँजेलिना म्हणाली, "हो आवाज काढून टाक. आमका थांबणारो होयो."

"थांबणारा म्हणजे?"

"जानकीन बोट लावल्यान की गप रवणारो."

दीपिकाने यादी पुन्हा उघडली. चौथं एक होतं, तिने मुद्दाम वगळलेलं. लोकांनी त्याला दोनच तारे दिले होते. आवाज सोसायटीच्या सभेत अहवाल वाचणाऱ्यासारखा, लग्न आणि मयत एकाच पट्टीत. पण काचेवर कुठेही बोट टेकलं की गप्प, पुन्हा टेकलं की त्याच वाक्यापासून सुरू. जानकीने चार-पाचदा करून बघितलं. एकदाही चुकलं नाही.

"काकी, ह्याच्या आवाजान रडू येवचा नाय," किशोरी हसत म्हणाली.

"रडूचा काम माझ्याकडे," जानकी म्हणाली.

दुसऱ्या दुपारी नवी कादंबरी निघाली. किशोरी वायर न लावताच आली. अहवालवाला ठोकळेबाज सुरात वाचत गेला: डोंगरपायथ्याचं घर, विधवा आई, तिचा एकुलता एक मुलगा. मग एका रात्री मुलाच्या अंगात ताप भरला आणि वैद्याचं घर नदीपलीकडे.

जानकीचं बोट काचेवर पडलं. आवाज थांबला. सुपं थांबली.

"छापलेला होया," तिने विचारलं, "की आपला?"

किशोरीने अँजेलिनाकडे बघितलं. अँजेलिनाने हातातला गर सोलला, फुंकर मारून साल उडवली आणि गर डब्यात टाकला.

"आता सोसता आमका," ती म्हणाली. "छापलेला सांगू दे तेका. मगे तेचा काय करूचा, ता आपण बघूया."

जानकीने काचेवर पुन्हा बोट टेकलं.