काळं पडलेलं अंडं

मी रेशमाच्या पाखराचं अंडं बोलतंय. खसखशीच्या दाण्याहून थोडंसं मोठं. एवढ्याशा जिवाला कसलं आलंय आत्मवृत्त, म्हणू नका. नुसतं झोपून राहून आम्ही एका घराला घोर लावला होता!

आम्ही चारेकशे भावंडं, एका जाड कागदावर चिकटलेली. आई आम्हाला ठेवून लगेच गेली. पण आम्ही तिच्या पोटात होतो तेव्हाच तिच्या डोक्यातून एक रस रक्तात उतरून आमच्यापर्यंत पोचला होता. माणसं त्याला संप्रेरक म्हणतात. आमच्या लेखी तो आईचा निरोप: 'बाळांनो, हिवाळ्यात झाडांना पान नसतं. बाहेर पडू नका, निजा.' वाढीला लागणारा रसही तिने आमच्या बलकात शिदोरीसारखा बांधून दिला, पण घट्ट गाठ मारून. मग आमचा पिवळा रंग काळपट झाला आणि आम्ही गाढ झोपलो.

कागद मावशीचा, म्हणजे आम्हा रेशीमकिड्यांना पाळणाऱ्या बाईचा. साथीत तिचे सगळे किडे मेले होते. तिच्या आईपासून चालत आलेल्या सोनेरी कोषांच्या जातीची आम्हीच काय ती उरलो होतो. "ही उठली नाहीत तर संपलंच सगळं," म्हणून ती डोळे पुसायची.

हिवाळ्यात ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. मागे राहिले तिचे यजमान, आमचे काका. मनाने लोणी! "अरेरे, लेकरं गारठून काळी पडली की!" म्हणत त्यांनी आम्हाला कापसात गुंडाळून चुलीवरच्या फळीवर ठेवलं. माया हो, पण वेडी माया. आमची ती गाठ थंडीनेच सैल होते.

मावशी परतली तेव्हा तुतीला पालवी फुटली होती आणि आम्ही ढिम्म.

"अहो, हे काय करून बसलात? थंडी खाल्ल्याशिवाय उठत नाहीत ती!"

काकांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला आणि आम्हाला तिथे ठेवलं. नंतर कुणी दार जोरात लावलं की ओरडायचे, "हळू! पोरं झोपलीत!"

छान गार झोप झाली. गाठी सुटल्या. दहा-बारा दिवसांपूर्वी मावशीने आम्हाला बाहेर काढलं, आणि आता हवीहवीशी वाटणारी ऊब लागताच शिदोरीतला रस अंगभर पसरला. मला डोकं आलं, पाय आले!

सकाळपासून काका भिंग घेऊन बसलेत.

"उठतील ना गं?"

"उठतील. तुम्ही आधी ती पानं चिरा. अहो, भाजी नाही करायची, अजून बारीक!"

काका पुन्हा पानं चिरायला बसलेत. काका, राहू द्या तशीच. माझं कवच कुरतडून झालंय, आणि भूक अशी लागलीय की जाड काय नि बारीक काय. सरका जरा, आम्ही आलो!