जिभेला चावणारं ताक

"ताक किती देता?" मी विचारलं.

"दुपारी अर्धी वाटी. मोजून," अक्षया म्हणाली.

तिच्या आठ वर्षांच्या आरोहीला मूत्रपिंडाचा जुना आजार. जेवताना चावायची कॅल्शियमची गोळी चालू होती, आणि आज रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलेलं. अजून वाढलं तर पोरीला कोल्हापूरला दाखल करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. एका गोळीनं एवढं कसं वाढलं, ते त्यांनाही उमजेना.

रत्नागिरीत मुलांच्या ओपीडीत नर्स म्हणून मला बावीस वर्षं झाली. पोरांच्या पोटात काय जातं ते मोठ्यांना विचारून कळत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. अक्षयाला मी केसपेपर आणायला खिडकीवर पिटाळलं.

"काय गो आरोही, ताक आवडतं तुला?"

"आईचं आवडतं. आजोबांचं जिभेला चावतं."

आजोबा शेजारीच बसले होते. आत्माराम, जयगडला मच्छीमार बोटीवर जन्म घालवलेला माणूस. अक्षया दुपारी शाळेत दीडशे पोरांची खिचडी शिजवते. आरोही मात्र घरी येऊन यांच्या हातचं जेवते. मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या कडेला पांढरं होतं.

"काका, ताकात चुना घालता?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. "लोक गव्हाएवढा घालतत. मी वालाएवढा घातला, रोज दुपारी. हाडां कच्ची झालीत असं तुम्हीच बोललात ना, सिस्टर?"

बोलले होते खरं. राग आला होता, तो गिळावा लागला. हाडांचं मी सांगितलं, जास्त झालं तर काय होतं ते सांगायचं राहिलं होतं.

"गोळीतही तेच असतं, काका. जास्तीचं झालं की मूत्रपिंडात जाऊन बसतं. चुना बंद केलात की उतरेल. डॉक्टरांना मी सांगते, सुनेला तुम्ही सांगा."

"मग ती पोरीला माझ्या हातचा घास खाऊ देणार नाय."



अक्षया आली तसे ते उभे राहिले. चुन्याची डबी त्यांनी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. डबी अक्षयानं पर्समध्ये टाकली आणि पोरीचा हात धरून बाहेर गेली. डॉक्टरांनी गोळीही तूर्त थांबवली. अक्षयानं शाळेतून रजा घेतली. पंधरा दिवस दुपारचं तीच भरवत होती.

पंधरा दिवसांनी कॅल्शियम उतरलं. मला नवल वाटलं नाही, बरं मात्र फार वाटलं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. आत्मारामकाका या वेळी आत आलेच नाहीत, बाहेर बाकावर बसून होते.

अक्षया औषधं घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. गोळ्यांची पट्टी तिनं पुढे केली.

"बाबा, उद्यापासून मी कामावर जातेय. पहिल्या घासाबरोबर एक. चावून खायला सांगा."

"होय," ते म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात सदऱ्याला पुसले आणि मग पट्टी घेतली. अंगठ्याचं नख मुळापर्यंत कापलेलं होतं.