बाकाच्या लाकडावर ट्रॅक्टर

माझ्या नवऱ्याने माझ्या वडिलांचे दोन्ही घोटे धरले आणि त्यांना ट्रॅक्टरखालून फरफटत बाहेर काढलं.

बाबा उताणे. सदरा बगलेपर्यंत गेलेला, पाठीला ग्रीस. आई शेडच्या दारात चहाचा ट्रे घेऊन.

राहू देत तिथेच. मी जरा मागे जाते.

*

फार मागे नाही, सकाळपर्यंतच.

बाबांचे गुडघे गेलेत. क्लच दाबवत नाही. म्हणजे त्यांचा छोटा ट्रॅक्टर एक तर विकायचा, नाही तर आम्हाला द्यायचा. आमचा भाजीचा मळा अजून कुदळीवर चालतो. नवऱ्याच्या मनात तो ट्रॅक्टर इतका भरलाय की झोपेत गिअर टाकतो. (मला लागतात.) पण मागणार कसा? लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी बाबा त्याला ‘अहो जावईबापू’ म्हणतात, खुर्ची देतात, पंखा त्याच्याकडे वळवतात. पाहुण्याला पंखा देतात. ट्रॅक्टर देत नाहीत.

आज बाबा स्वतःच म्हणाले, “गिअरबॉक्सच्या खालच्या झाकणातून तेल गळतंय. गॅस्केट बदलून दाखवा. जमलं तर बघू. नाही जमलं तर गिऱ्हाईक तयार आहे.”

*

तेल आधीच काढून घेतलं. सपाट, पक्की जमीन. ब्रेक लावला. किल्ली काढून खिशात. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी. इथपर्यंत दोघांचं छान जमत होतं.

“आणखी दोन पाचरी आणा,” बाबा म्हणाले. “पुढच्या दोन चाकांना जोडणारा धुरा मधोमध अडकवलेला असतो, झोपाळ्यासारखा डुलतो. धुरा आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये दोन्हीकडून ठोका. नाही तर मागून उचलला की कलंडेल.”

“हे मला माहीत नव्हतं,” नवरा म्हणाला आणि ठोकल्या. बाबा खूश. मी खूश. जॅक मागच्या धुऱ्याखाली गेला, ट्रॅक्टर वर आला, बाबांनी कोपऱ्यातून टेकू आणले, नवऱ्याने हात थांबवला.

*

“बाबा, हे काय?”

“टेकू.”

“हे सिमेंटचे पोकळ ब्लॉक आहेत.”

“भिंती उभ्या राहतात यांच्यावर, जावईबापू.”

“भिंतीचा भार पसरतो. हा एका जागी येणार. आणि लाकूड तुटायच्या आधी करकरतं तरी. यांचा न सांगता भुगा होतो.”

“माझे केस काळे होते तेव्हापासून यांच्यावरच ठेवतोय. शिवाय खाली जॅक आहेच.”

“जॅक उचलायला असतो. धरून ठेवायला नाही.”

बाबांनी ब्लॉक सरकवले, जॅक सोडला. ट्रॅक्टर ब्लॉकवर बसला. “मारा धक्का,” म्हणाले. आम्ही तिघांनी मारला.

“हलला?”

“नाही.”

“फुटला?”

“नाही.”

“मग?”

“तरी मी खाली जाणार नाही.”

*

मी त्याला बाजूला घेतलं. “अरे, पाच मिनिटांचं काम. जा ना. हातचा जाईल ट्रॅक्टर.”

“तू जाशील?”

मी माझ्या चपलांकडे बघितलं.

*

बाबा आमच्याकडेच बघत होते. “राहू द्या,” म्हणाले, अगदी गोड आवाजात. बाबा गोड बोलले की समजावं, काही खरं नाही. “तुमचे कपडे खराब होतील, जावईबापू. तुम्ही पंख्याखाली बसा.” आणि ते दुखरे गुडघे घेऊन खाली बसले, आडवे झाले, डोकं आत, खांदे आत.

नवरा धावला.

घोटे.

*

आता पुढे.

“पाय सोड! सोड आधी! गाढवा, सासऱ्याचे पाय असे धरतात?”

“तुम्ही त्याच्याखाली जाणार असाल तर रोज धरीन.”

“ट्रॅक्टर नको वाटतं तुला?”

“हवाय. पण तुम्ही त्याच्याखाली असताना नको.”

बाबा उठून बसले. चेहरा लालेलाल. तेवढ्यात कपबशा किणकिणल्या. आई हसत होती.

“मी जन्मभर नुसत्या हाका मारल्या,” ती म्हणाली. “पाय धरून ओढायचं मला सुचलंच नाही.”

बाबांनी पाठ खाजवली, बोटाला लागलेलं ग्रीस सदऱ्याला पुसलं. “मग ठेवायचा कशावर? तुझ्या डोक्यावर?”

“भरीव लाकडावर.” नवऱ्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे एक जाडजूड तुळई पडून होती.

“ते हिच्या बाकाचं आहे,” बाबा म्हणाले. “अंगणात बाक करून द्यायचाय तिला.”

“नवी नवरी होते तेव्हापासून ऐकतेय त्या बाकाबद्दल,” आई म्हणाली. “टेकले अजून एकदाही नाही. कापा.”

*

बाबांनी मापं टाकली, नवऱ्याने करवत धरली. “सरळ. सरळ म्हटलं ना! तुझ्या बायकोच्या भांगासारखी रेघ नको, वाकडा असतो तिचा.” मी ऐकून घेतलं.

जॅकने ट्रॅक्टर पुन्हा उचलला. ब्लॉक काठीने ढकलून काढले, हात आत कुणीच घातला नाही. मग धुऱ्याखाली दोन्हीकडे ओंडके: दोन आडवे, त्यांवर दोन काटकोनात, पुन्हा दोन आडवे. जॅक हळूहळू सोडला. लाकूड एकदा करकरलं आणि गप्प झालं. बाबांनी ट्रॅक्टरला असा काही धक्का मारला की सगळा राग त्यातच संपला असावा. तो जागचा हलला नाही.

नवरा खाली गेला. बाबा शेजारी डबा पालथा घालून बसले, पान्यांची पेटी मांडीवर.

“तेरा नंबर.”

“घे. बोल्ट समोरासमोरचे सोड, एका ओळीत नको.”

“हो.”

“तुमच्या शेडला जमीन कसली आहे रे?”

“मातीची.”

“मातीत जॅक रुततो. आधी कोबा घाल. न्यायच्या आधी.”

खालचा आवाज थांबला. “न्यायच्या आधी?”

“कान चालतात ना तिथे? आणि जुनी गॅस्केट नीट खरवड. चिकटून राहिली तर पुन्हा गळेल, मग मला येऊन सांगू नकोस.”