धर्मेंद्रचे तेरा निरोप

मित्रांनो, कारध्याच्या एका घरात शिलाई मशीनवर पडलेला जुना मोबाइल म्हणजे मी. काचेला तडा गेलाय, मागचं झाकण रबरानं बांधलंय. म्हातारपण कोणाला चुकलंय? त्याचं मला काही वाटत नाही. मला खुपतं ते वेगळंच, आणि ते माझ्याच पोटात घडलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला धड सांगता यायचं नाही. खोक्यातून बाहेर आलो तो भंडाऱ्याच्या दुकानात. धर्मेंद्र नावाच्या मिस्त्रीनं मला आपल्या बायकोसाठी, रत्नमालासाठी घेतलं. तो पुलांच्या कामावर चंद्रपूरकडे असायचा. दुकानदारानं घाईघाईत स्वतःच्याच मनानं ईमेल खातं उघडून मला चालू करून दिलं. पासवर्ड त्यानं सांगितला नाही आणि यांनीही विचारला नाही. माझी भाषा इंग्रजी राहिली, तीही कोणी बदलली नाही. रत्नमालाला मराठी छान वाचता येतं, इंग्रजी नाही. पण हिरवं बटण कुठं दाबायचं एवढं कळलं की झालं, असं सगळ्यांना वाटलं.

काय दिवस होते ते! रत्नमाला रोवण्याला, म्हणजे भातलावणीला जायची तेव्हा मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधावर बसायचो. चिखलाचे हात असताना फोन कसा उचलणार? म्हणून धर्मेंद्र बोलून निरोप पाठवायचा. घरी येऊन, हातपाय धुऊन ती ते ऐकायची. "जेवली का वो?" यानंच त्याचा प्रत्येक निरोप सुरू व्हायचा. मग कुठं सिमेंटचा ट्रक अडकला, कुठं भाजी खारट झाली, असलंच काहीबाही. शेजारणी म्हणायच्या, रत्ना, तुझा मोबाइल लय गुणाचा. मी फुगून जायचो, खोटं कशाला सांगू?

मग एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. दवाखान्याच्या धावपळीत त्याचा स्वतःचा मोबाइल हरवला, आणि आठ दिवसांत तोही गेला. माझ्यापाशी त्याचे तेरा निरोप उरले. जगात त्याचा आवाज तेवढाच होता. रोज संध्याकाळी चूल विझवली की रत्नमाला त्याच्या नावावर बोट ठेवायची, मी बोलायचो आणि ती ऐकायची. मला दुसरं काम नसतं तरी चाललं असतं.

तीन वर्षं अशी गेली. मग शहापूरच्या तिच्या थोरल्या दिराच्या, अश्विनच्या नंबरवरून एक निरोप आला. "आमच्याकडे लग्न आहे, नक्की या" असं लिहिलेलं आणि खाली एक फाईल. अश्विनच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेलंच होतं, तेव्हा शंका कशाची यावी?

आता यांच्याकडची रीत सांगतो. पत्रिकेत घरातल्या गेलेल्या माणसांची नावं पुढे 'कालकथित' लावून छापतात. रत्नमालाला लग्नाची तारीख नंतर कळली तरी चाललं असतं. भावानं माझ्या माणसाचं नाव घातलं का, एवढंच तिला बघायचं होतं. अश्विनला फोन करून विचारता आलं असतं. पण मागून घेतलेल्या नावाला काय अर्थ, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं फाईलवर बोट ठेवलं.

मित्रांनो, ती पत्रिका नव्हतीच. पत्रिका एकतर चित्र असते, नाहीतर पीडीएफ. या फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरं होती. एपीके म्हणजे नवं अ‍ॅप बसवायचं गाठोडं. आम्ही मोबाइल एरवी अ‍ॅप आपल्या ठरलेल्या दुकानातून, म्हणजे प्ले स्टोअरमधून घेतो. तिथं निदान काही तपासणी होते. कोणीतरी हातात दिलेलं गाठोडं उघडणं म्हणजे अनोळखी माणसाला घरात राहायला बोलावणं.

मी थांबवलं होतं हो तिला! अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, धोका आहे, अशी पाटी मी दाखवली. पण दाखवली इंग्रजीत. पत्रिका उघडायला हेच करावं लागत असेल, असं समजून ती बटण सरकवत गेली. त्या अ‍ॅपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, नावांची यादी मागितली. तिनं सगळ्याला हो म्हटलं. पत्रिका काही उघडली नाही.

तासाभरात तीच फाईल माझ्यातून तिच्या सगळ्या सोयऱ्यांना गेली. मग अश्विनचा फोन आला. माझ्याही मोबाइलमध्ये चोर शिरलाय, ते मी पाठवलंच नाही, उघडू नका, म्हणाला. बैल गेला आणि झोपा केला! रत्नमालाच्या बँकेच्या खात्यात चोराच्या हाती लागण्यासारखं काही नव्हतं. पण आपल्यामुळे सोयऱ्यांच्या घरात चोर गेला, या विचारानं ती शरमून गेली. मुलगी दीपमाला नागपूरला होस्टेलवर शिकते, तिलाही तिनं कळवलं नाही. मला बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन ऑटोनं नदीचा पूल ओलांडून एकटीच भंडाऱ्याला गेली.

दुरुस्तीवाला सेवकराम भला माणूस. त्यानं पाहिलं आणि सगळं पुसून मोबाइल नव्यासारखा करणं बरं, असं सांगितलं. पुसण्याआधी त्यानं विचारलंसुद्धा, "मावशी, फोटो-गिटो काही ठेवाचे आहेत का?"

रत्नमाला म्हणाली, "फोटो घरी भितीवर हाय न भाऊ. तुमी करा साफ."

मी ओरडून सांगायला हवं होतं. पण मला माझा आवाज कुठंय? दुसऱ्याचे आवाज सांभाळायचे, एवढंच आमचं आयुष्य. पाच मिनिटांत मी रिकामा झालो.

संध्याकाळी चूल विझवून तिनं मला हातात घेतलं. धर्मेंद्रचं नाव दिसेना. वर सरकवलं, खाली सरकवलं. मला बंद करून पुन्हा चालू केलं. मग वहीतून नंबर काढून तिनं दीपमालाला फोन लावला.

"दीपा, तुझ्या बाबाचा आवाज कुठी गेला वो?"

शनिवारी दीपमाला आली. जुन्या ईमेल खात्यात काही साठवलेलं असेल, अशी तिला आशा होती. खातं त्या पहिल्या दुकानदारानं उघडलेलं, आणि ते दुकान केव्हाच उठलेलं. पोरगी हमसून हमसून रडली. आईला मात्र एका शब्दानं बोलली नाही.

मला तुमच्याकडे एवढंच मागायचंय. तुमच्या आईच्या मोबाइलची भाषा आज मराठी करून द्या. फाईलच्या नावाची शेवटची अक्षरं तिला वाचायला शिकवा. पाठवणारा कितीही सख्खा असू दे, उघडण्याआधी त्याला फोन करून विचारायचं, त्यात लाज कसली? आणि ज्या माणसाचा आवाज पुन्हा मिळणार नाही, तो एकट्या मोबाइलच्या भरवशावर ठेवू नका. मी भरवशाचा नव्हतो.

दीपमालानं मग एक केलं. बाबा काय म्हणाले होते ते तू बोल, मी मोबाइलमध्ये भरून घेते, असं तिनं आईला सांगितलं. रत्नमाला बोलत गेली, अगदी धर्मेंद्रच्या शब्दांत, त्याच्याच ढंगात. नऊ निरोप आठवले. चार काही केल्या आठवले नाहीत.

ते नऊ आता माझ्यापाशी आहेत. नीट जपलेत, दीपमालाच्या मोबाइलमध्येही आहेत. पण रत्नमाला ते लावत नाही. त्यात बोलणारी तीच असते, आणि ऐकणारीही तीच.