दोरीला हात

"काका, आता खाली उतरा आणि ढकला," दीपक म्हणाला.

रावजी ट्रकमधून उतरला. एमआयडीसीच्या रस्त्यावर दीपकचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं आणि दुकानासमोर नेमका चढ. टो करून आणलेला चारशेसात ट्रक रिकामा होता, तरी दोघांना हलेना. शेजारच्या टायरवाल्याने येऊन खांदा लावला, तेव्हा कुठे तो सावलीत आला.

"काल अंगणात विंच चालवून बघितली," रावजी धापा टाकत म्हणाला. "फणसाचा ओंडका बांधला व्हता. अर्ध्या वाटेवर आला नि सगळं मेलं. हॉर्नपण वाजत नाय."

पुढच्या बंपरवर ती विंच बसवलेली होती, पोलादी तार गुंडाळत ओझं ओढणारी. अपघातातल्या गाड्या ओढणाऱ्या कुठल्याशा जुन्या वाहनाची. रावजीने ती चिपळूणच्या भंगारातून आणली होती. दीपकने वाकून तिच्या वायरी बघितल्या. वायरींचं प्लॅस्टिक वितळून एकमेकांना चिकटलं होतं.

"ही वायर लावलीत? काका, ही घरातल्या पंख्याची वायर."

"दोन पदरी केलीवती."

"नशीब गाडी पेटली नाय." दीपकने हात पुसले. तो चाळिशीचा होता आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांवर ओरडायचा त्याला हक्कच मिळाला होता. "आता नीट ऐका. ह्या विंचला खायला लागतं चाळीस माणसांचं. तुमची बॅटरी म्हंजे एकट्याचा डबा. दोन घासांत संपला. मागून भरणारा अल्टरनेटर, तोपण बारका."

रावजीने मान वर केली. चाळीस माणसं, हे दीपक सहज बोलला होता.

"तेवढीच लागायची आमाला," रावजी म्हणाला. "मग काय काय घालायचं ता सांग. घालूया."

रावजीने जन्मभर ट्रक चालवला. बंदरावर बर्फ न्यायचा आणि येताना मासळी आणायची. होडी धाकट्या भावाची, सखारामची. पण मे महिन्याच्या अखेरीला मासेमारी बंद व्हायची वेळ आली की वाडीतल्या होड्या पुळणीवरून, किनाऱ्याच्या वाळूवरून, वर घ्यायच्या असत, आणि त्या दिवशी आरोळी रावजीची असे. लाटांवरून पलीकडे जाईल असा त्याचा आवाज होता. तो म्हणायचा, "ओढ रेऽऽ," आणि काथ्याच्या जाड दोरीला लागलेली चाळीस माणसं "हैसा!" म्हणत होडी हातभर वर आणायची. मग थांबायचं, दम घ्यायचा. पुन्हा आरोळी.

होडी वर आली की मालकाच्या घरची बाई नारळ फोडायची. ज्याचा हात दोरीला लागला त्याला खोबऱ्याचा तुकडा आणि गूळ. नुसतं बघत उभ्या राहिलेल्याला नाही, मग तो गावचा खोत का असेना. पोरंसुद्धा खोबऱ्यासाठी दोरीच्या शेपटाला धावत यायची.

पुढे माणसं मुंबईला गेली. राहिलेली जयगडच्या बंदरात कामाला लागली. म्हातारे होते ते एकेक करून गेले. गेल्या वर्षी दोरीला नऊ जण होते. निम्म्या चढावर दोरी हातांतून सुटली, सखारामची होडी मागे घसरली आणि त्याचा उजवा पाय तिच्याखाली आला. त्या दिवशी नारळ फुटला नाही. होडीचं नाव येसूबाई. दोघा भावांच्या आईचं नाव.

दीपकने मोठा अल्टरनेटर बसवला. पहिल्या बॅटरीशेजारी तशीच दुसरी नवी ठेवायला लोखंडी पेटी हवी होती, ती रावजीने स्वतः गॅस कटरवाल्याकडून करून आणली. पंख्याच्या वायरीच्या जागी वेल्डिंगची अंगठ्याएवढी जाड केबल आली. मध्ये फ्यूज आला, सगळं एकदम तोडणारा लाल मुठीचा स्विच आला. विंचची दुसरी केबल चासीला, ट्रकच्या लोखंडी सांगाड्याला, नवं भोक पाडून बोल्टने आवळली.

"हा अर्थिंगचा बोल्ट," दीपक म्हणाला. "गेलेला करंट इथून परत येणार. एक मिनिट ओढायचं, मग थांबायचं. मोटर तापते. इंजिन चालूच ठेवायचं."

"एक आणखी. ह्या रिमोटची वायर लांब कर."

"किती?"

"ट्रकपासून पार पलीकडच्या सुरूच्या झाडापर्यंत जाईल एवढी."

"कशाला? ट्रकजवळ उभं राहून दाबा की बटण."

"तू कर रे. लागेल."

संध्याकाळी रावजी सखारामच्या ओट्यावर जाऊन बसला. सखाराम खुर्चीत होता, वॉकर बाजूला. त्याचा मुलगा नितेश बंदरातली पाळी संपवून नुकताच आला होता. अंगात अजून कंपनीचा निळा शर्ट.

"काका, रविवारी गुहागरकडचा माणूस येतोय," नितेश म्हणाला. "होडी पाण्यात असतानाच घेऊन जाणार. वर घ्यायची कटकट नको. तो तिचं इंजिन काढील, लाकूड विकील, काय करायचं ता करील."

"मोडणार म्हण की सरळ."

"मग काय करू? मी एक पाळी सोडली तर पुढची पोरं रांगेत हायत. पावसात खाडीत ठेवली तर फुटणार. बाबांचा पाय गेला तो बस झाला."

रावजीने भावाकडे बघितलं. "सखा, तू काय बोलतोस?"

"मी काय बोलू दादा? मी दोरीला हात लावू शकत नाय. ज्याचा हात नाय त्याला तोंड नाय." सखारामने नजर अंगणाकडे वळवली. "घेऊन जाऊ दे त्याला."

आतून सगुणा चहा घेऊन आली. ती सखारामची बायको. तिने रावजीसमोर कप ठेवला आणि हळूच म्हणाली, "भावजी, व्हडी गेली की हे परवा रात्रीसारखं रडतील. माझ्यासमोर नाय रडत, पण मना कळतं."

"सगुणा!" सखाराम ओरडला.

"ओरडा. खोटं बोलले काय मी?"

रावजीने चहा संपवला. "नितेश, त्या माणसाला दुपारी बोलव. सकाळी पुनवेचं उधाण हाय. भरती मना दे. तेवढ्यात नाय आली वर, तर मी स्वतः तुझ्यासंगं होडी त्याच्या हातात देईन."

नितेशने बापाकडे बघितलं. मग म्हणाला, "ठीक हाय. दुपारी."

शनिवारचा सगळा दिवस रावजी ट्रकखाली होता. ट्रक खाऱ्या वाळूत जायचा, मीठ लोखंड खाणार, हे त्याला दिसत होतं. होडी तेलाशिवाय पाण्यात घालतात का? त्याने घरात ठेवलेलं काजूच्या टरफलांचं काळं तेल काढलं. होडीच्या तळाला लावतात तेच. ते चिकट असतं, कातडी जाळतं, पण एकदा सुकलं की समुद्राच्या बापाला आत जाता येत नाही. त्याने चासी दोन हातांनी चोपडली. कोपरा सोडला नाही, बोल्ट सोडला नाही. काम झालं तेव्हा त्याची बोटं काळी पडली होती आणि तळहाताला आग सुटली होती. पण मनाला बरं वाटलं.

रविवारी पाणी चढलं. येसूबाईचं नाक पुळणीला लागलं. ट्रक वर सुरूच्या झाडांजवळ उभा केला होता, मागून दोन झाडांना साखळीने बांधलेला, चाकांखाली चिरे. वाटेवर लाकडी ओंडके टाकले होते. माणसं जमली ती अशी: रावजी, नितेश, सगुणा, वाडीतले तीन म्हातारे. दीपकही आला होता. स्वतःचं काम चालतं का ते बघायला आलोय म्हणाला. सखाराम पलीकडच्या झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. यायचं नव्हतं त्याला. सगुणाने आणला.

विंचची तार खाली जाऊन होडीच्या नाकातल्या कडीला अडकली. इंजिन चालू होतं. रावजीने रिमोट उचलला आणि बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. पुन्हा नुसतं टक्. तार सैल ती सैलच.

"झालं," एक म्हातारा म्हणाला. "बॅटरी बसली."

"बसली कशी? हॉर्न वाजवा," दीपक म्हणाला. हॉर्न पुळणभर घुमला. "बॅटरी भरलेली हाय. परवा माझ्याकडं चालली ना?"

नितेशने घड्याळाकडे बघितलं. भरती आता थांबली होती. एकदा पाणी उतरायला लागलं की होडी ओल्या वाळूत बसणार आणि मग ती चाळीस माणसांनाही हलणार नव्हती. एक लाट तिच्या अंगावर आडवी आली आणि ती कण्हल्यासारखी वाजली.

दीपक वायरी तपासत बसला होता. रावजी त्याला पाना द्यायला वाकला, तेव्हा दीपकचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. तळहाताची कातडी सोलली होती, नखं काळी होती.

"काका, हाताला काय झालं?"

"काय नाय. काजूचं तेल."

"कशाला लावलंत?"

"चासीला. मीठ खाऊ नये म्हणून."

दीपक उठून उभा राहिला. "बोल्टलापण?"

"मग! तो काढला, त्याच्या खालीपण भरपूर लावलं, नि परत आवळला. होडीला खिळ्याखाली नाय लावत?"

दीपकने कपाळाला हात लावला, मग त्याला हसू आवरेना. "काका, हा ट्रक हाय! व्हडी नाय! त्या तेलातून पाणी जात नाय तसा करंटपण जात नाय. परत यायची वाटच बंद केलीत तुमी!"

म्हातारेही हसायला लागले. एक जण म्हणाला, "बरा तरंगेल आता ट्रक."

रावजी हसला नाही. त्याने सगुणाकडे हात पसरला. "गो, कालवं फोडायची कोयती दे."

ती तिच्या नारळांच्या टोपलीत होतीच. लाल मूठ फिरवून दीपकने करंट तोडला. रावजी ट्रकखाली आडवा झाला. वाळू मानेत गेली. त्याने बोल्ट काढला आणि लोखंड खरवडायला घेतलं. काळे पापुद्रे तोंडावर पडत होते. बाहेरून नितेशचा आवाज आला, "काका, पाणी उतरतंय."

"उतरू दे. मी हाय ना खाली."

आत चकचकीत पांढरं लोखंड दिसलं, तेव्हा त्याने केबल लावली आणि सोललेल्या हाताने पाना मारला. तो बाहेर आला, तशी दीपकने लाल मूठ परत फिरवली. रावजीने अंग न झटकता रिमोट उचलला आणि वायर सोडत सोडत झाडाखाली गेला.

"धर, सखा."

सखारामने रिमोटकडे बघितलं, मग भावाकडे. "मी?"

"तुझी व्हडी. आरोळी मी देतो. आरोळीवर दाबायचं, थांब बोललो की सोडायचं. मोटरला दम लागतो, आपल्यासारखाच."

"दादा, माझा हात आता पयल्यासारखा नाय."

"माझा आवाज तरी खय ठिकाणावर हाय?"

रावजी खाली उतरून होडीजवळ उभा राहिला. नितेश आणि म्हातारे ओंडके घेऊन दोन्ही बाजूंना गेले. रावजीने छाती भरून घेतली.

"ओढ रेऽऽ!"

आवाज मध्येच फाटला. पण वर झाडाखाली अंगठा दाबला गेला. तार ताणली, विंच घरघरली आणि येसूबाईने नाक उचललं. सवयीने म्हाताऱ्यांच्या तोंडून "हैसा" निघालं. नितेशच्याही.

"थांब!"

विंच थांबली. सगळ्यांनी दम घेतला. दीपकने मोटरला हात लावून बघितला आणि मान हलवली. पुन्हा आरोळी. मागचे ओंडके उचलून पुढे टाकायचे, पुन्हा आरोळी. गेल्या वर्षी जिथे दोरी सुटली होती त्या जागी आल्यावर रावजीने वर बघितलं. सखाराम खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता आणि भावाच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. त्या जागेवर आरोळी सर्वांत मोठी निघाली.

दुपार व्हायच्या आत येसूबाई झाडांच्या रांगेत आली. नितेशने तिला दोन्ही बाजूंनी टेकू लावले. मग खिशातून फोन काढून तो थोडा लांब गेला. वाऱ्यातून त्याचं एवढंच ऐकू आलं, "नको, येऊ नका. नाय, विचार बदलला."

सगुणाने होडीच्या नाकासमोर नारळ फोडला. मग दुसरा, मग तिसरा. दरवर्षी तीनच लागायचे, म्हणून तिने तीनच आणले होते. बसून तिने बारीक तुकडे केले आणि ताट घेऊन निघाली. पहिल्यांदा ती खुर्चीपाशी गेली.

"मना कशाला? मी नुसता बसलेलो."

रावजीने त्याचा उजवा हात उलटा केला. अंगठ्यावर बटणाचा गोल वळ उठला होता. सखारामने तो वळ बघितला आणि खोबरं घेतलं.

म्हाताऱ्यांनी घेतलं, नितेशने घेतलं. दीपक नको म्हणत होता, त्याच्या हातात सगुणाने कोंबलं. रावजीने आपला तुकडा गुळासकट तोंडात टाकला. तरी ताट भरलेलंच होतं.

सगुणा ताट हातात धरून थोडी उभी राहिली. पुळणीकडे बघितलं, वाडीच्या वाटेकडे बघितलं. होडीच्या बाजूला जुनी काथ्याची दोरी वेटोळं करून ठेवली होती. तिने ताट त्या दोरीवर ठेवलं.

सुरूवरचे कावळे एकेक करून खाली उतरले. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून होते. कोणी कावळ्यांना हाकललं नाही.