हरायचा सराव

साहेब लोक धुळे सोडून गेले तेव्हा मागे दोन गोष्टी ठेवून गेले: पांझरेपलीकडचं गोल्फचं मैदान, आणि तो खेळ आपल्यालाही जमेल हा गैरसमज. मैदान म्हणजे भेगाळलेली काळी जमीन आणि कडेने बाभळी. ज्या छिद्रात चेंडू घालायचा, त्याच्या भोवतालच्या जागेला या खेळात ग्रीन म्हणतात. आमच्याकडे तिथे गवत जगेना, म्हणून वाळू पसरून वर जळकं तेल शिंपडलेलं असे. त्या वास मारणाऱ्या काळ्या गोलाला आम्ही मूठभर सभासद मोठ्या तोऱ्यात ग्रीनच म्हणत असू.

चुडामणभाऊ जिनिंग फॅक्टरीचे मालक आणि माझे शेजारी. लांबचा फटका ते असा मारत की चरणारी गुरं माना वर करत. पण चेंडू ग्रीनजवळ आला की सोंग उघडं पडे. या जवळच्या फटक्यासाठी वेज नावाची तिरक्या पात्याची काठी असते. तिने चेंडू अलगद उडवून छिद्राशेजारी बसवायचा. भाऊ त्याला आमटीतली डाळ काढावी तसे खालून उचलायला जात. चेंडू एक तर जागचा हलत नसे, नाही तर जमिनीलगत सुसाट ग्रीन ओलांडून बाभळीत शिरे.

आमच्यात बरं खेळत ते एकटे डॉक्टर नजीर. एकदा त्यांना पाहवेना.

"भाऊ, उचलायचं काम पात्याचं आहे, तुमचं नाही," ते म्हणाले. "वजन डाव्या पायावर घ्या, मनगट घट्ट धरा आणि चेंडूवर खाली मारा. वर तो आपोआप जाईल. आणि तो पडेपर्यंत मान खाली."

चेंडू वर जायला खाली मारायचं, हे भाऊंना पटेपर्यंत दिवाळी आली. मग फॅक्टरीच्या अंगणात टोपली ठेवून रोज सराव सुरू झाला. एक चेंडू कापसाच्या ढिगात गेला, तिथून यंत्रात गेला आणि यंत्र बंद पडलं. बेबाबाई, म्हणजे भाऊंची बायको, भिंतीआडून मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "पोर लगनले उनी, नि बाप विटी-दांडू खेळी राहिना."

पण होळीच्या सुमारास भाऊंना तो फटका आला. खरोखर आला. चेंडू सरळ वर जाई, क्षणभर थांबल्यासारखा वाटे आणि वाळूत छिद्राशेजारी येऊन बसे. भाऊ संध्याकाळी एकटेच जाऊन मारत बसत. मला एकदा म्हणाले, "वकील, फॅक्टरी वडिलांनी दिली, घर वडिलांनी दिलं. हे एवढं एकच मी माझं मिळवलंय." मला त्यांचा हेवा वाटला, हे कबूल करायला हरकत नाही.

आणि नेमकं तेव्हाच भाऊंच्या मुलीला, कुंदाला, स्थळ आलं. अमळनेरचे भाईदासनाना तेलाचे व्यापारी, मुलगा तिथल्या कॉलेजात शिकवायचा. कुंदाने त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि आईला स्वच्छ सांगितलं होतं, करीन तर हाच. घोडं अडलं ते नानांपाशी. त्यांनीही नुकत्याच मुंबईहून गोल्फच्या काठ्या आणवल्या होत्या. "खेळमा माणूस कळस," ते म्हणाले. "आधी एक डाव खेळू, मग सुपारी फोडू." याआधी पाचोऱ्याच्या एका मुलीच्या बापाने त्यांना पत्त्यात हरवलं होतं, आणि ती सुपारी फुटलीच नाही, हे सगळ्या खानदेशाला माहीत होतं.

"तुम्ही जिंकनात ते पोर घरमाच राही," बेबाबाईंनी बजावलं.

"मी कधी कुणाला हरवलंय?"

"आते जिंकतस. तेच भ्याव शे."

नानांचा खेळ पाहून मला देव आठवला. त्यांच्याकडून हरायला कलाच हवी होती. भाऊंनी लांबचे फटके मुद्दाम वाया घालवले, तरी शेवटच्या छिद्राशी दोघे बरोबरीत. नानांचा चेंडू एका दगडावर आपटून स्वतःच्या कर्तबगारीने ग्रीनवर पोचला. भाऊंचा ग्रीनच्या काठाशी. रोजचा फटका मारला असता तर भाऊ जिंकले असते.

ते उभे राहिले आणि सवयीने वजन डाव्या पायावर गेलं. लिंबाखाली आईशेजारी कुंदा उभी होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, ती फक्त बापाच्या तोंडाकडे बघत होती. भाऊंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग वजन मागच्या पायावर घेतलं, मनगटं सैल सोडली, मान वर केली आणि आमटीतली डाळ काढली. चेंडू सुसाट बाभळीत. इतका निर्दोष चुकलेला फटका मी दुसरा पाहिला नाही. नानांनी तिथल्या तिथे भाऊंना मिठी मारली.

लग्न झालं. आता मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे वाकायचं असतं, त्यात नवल नाही. पण नाना दर रविवारी मोटारीने येऊ लागले, भाऊंना शिकवायला.

"व्याही, मान वर करा ना. चेंडू कोठे जास ते दखाले नको का? आनी चमचावरी उचला, चमचावरी."

"हो, नाना," भाऊ म्हणत आणि उचलत. मुलाच्या बापाची चूक कोण काढणार? डॉक्टर नजीर रविवारीही दवाखाना उघडा ठेवू लागले.

दिवाळीला कुंदा माहेरी आली. अंग भरलं होतं, हसत होती. "आबा, मामंजी सगळ्यांना सांगतात, तुमचा हात त्यांनीच सुधारला."

"खरंच आहे," भाऊ म्हणाले. मुलगी सुखात होती, आणि त्यांना त्याचा मनापासून आनंद होता.

मग एका रविवारी नानांना ताप आला. भाऊ सकाळीच माझ्या दारात हजर. "चला वकील, आज माझ्यासाठी मारतो."

मैदानावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी सगळं नीट जुळवलं. डावा पाय, घट्ट मनगट, खाली मान. काठी खाली आली आणि मान वर झाली. चेंडू जमिनीलगत सुसाट गेला. त्यांनी दुसरा ठेवला. तो जागचा हलला नाही. ते पुन्हा पुन्हा चेंडू ठेवत गेले, दर वेळी स्वतःशी पुटपुटत, "मान खाली, मान खाली." मी पलीकडे बघत राहिलो.

अखेर त्यांनी धोतराच्या सोग्याने पातं पुसलं.

"आज नाना नव्हते, वकील," ते म्हणाले. "तरी मी हरलो."